एक नंबर मोठे

योवीता मठात जाणार, कळलं
आणि लुब्लिनच्या बेकरीतल्या रांगेनं निकाल दिला :
कुणीतरी फसवलं असणार.
औषधवाली म्हणाली, आळशी. भाडं नको, नवरा नको.
आई बीट किसत राहिली,
कोपरापर्यंत लाल.

मी विचारलं, पळतेयस कशापासून?
ती बुटांना पॉलिश करत होती.
तू हाम्बुर्गला गेलीस त्या ट्रकवाल्यामागे,
तेव्हा कुणी विचारलं?

नव्हतं विचारलं. केक आणला होता सगळ्यांनी.

आता जाळीपलीकडून सांगते,
मठाचा बॉयलर दुरुस्त केला.
नखांत काजळी तशीच.
सुखी आहेस ना, ओठांवर येतं
आणि तिथंच थांबतं.
तीही मला विचारत नाही.

बूट माझ्याकडे आहेत, एक नंबर मोठे.
दोन मोजे चढवून
मी बर्फातून घरी जाते.