सतरा नंबर

मंगळवार पेठेत, दर दुसऱ्या मंगळवारी
सुदाम थोपटे यायचे, बहिणीच्या मागे दोन पावलं.
कागदावर ते सुदाम नव्हतेच.
कागदावर: शून्य एक सात.
"सतरा नंबर कुठं जाते, मॅडम?" पहिल्याच दिवशी विचारलं.
एकोणीस वर्षं पीएमटीत कंडक्टर.
मी म्हटलं, बावीस आठवडे जाते. थांबे अकरा.
"मग हरकत नाही. शेवटचा थांबा ठाऊक असलेला बरा."

संमतीपत्र चौदा पानांचं.
मी वाचत होते, शेवंताताई पानागणिक मान हलवत होत्या,
त्यांचा त्या दिवशी पापडाच्या कारखान्यात खाडा.
नेहमीची औषधं चालूच राहतील, वर ही एक गोळी.
दुहेरी अंध पद्धत, म्हणजे
गोळी खरी की नुसती, ते ना तुम्हाला कळणार ना मला.
थोपटे हसले.
"आंधळ्यानं आंधळ्याचा हात धरून
लक्ष्मी रोड ओलांडायचा."
विनोदाला रकाना नाही. लिहिलं नाही.

तीस बाबी. प्रत्येकीला एक ते सात.
कुणी न दिसता बोलतं का?
"बोलते. बाई आहे. तिकीट मागते.
जन्मभर मी मागितलं, आता मला मागते."
किती वेळा?
"अप्पर डेपो ते स्वारगेट. प्रत्येक थांब्याला."
मी पाचला गोल केला.

मग वजन, रक्तदाब, रक्ताच्या तीन नळ्या,
परत आणलेल्या गोळ्यांची मोजणी
(शेवंताताईंचा हिशोब कधी एका गोळीनंही चुकला नाही),
आणि प्रवासखर्चाचे तीनशे, महसुली तिकिटावर सही.
थोपटे नोटा बहिणीकडे द्यायचे
आणि खिशातून जुन्या गठ्ठ्यातलं एक काढायचे,
गुलाबी, कडा मऊ झालेलं,
अंगठ्याच्या नखानं भोक पाडून माझ्यापुढे धरायचे.
"पैसे घेतले की तिकीट द्यावं लागतं."

सातव्या भेटीला म्हणाले, "आता मागत नाही."
गेली?
"नाही हो. पुढच्या सीटवर बसलीय. पाठमोरी."
काही बोलते?
"नुसता अंबाडा दिसतो."
खिडकीखाली उद्याच्या जुन्या बाजारासाठी
कुणीतरी आजच लोखंड उतरवत होतं.
माझं पेन अधांतरी.
अंबाड्याला किती गुण?

आणि मग कंपनीचं पत्र.
व्यावसायिक कारणांमुळे चाचणी थांबवण्यात येत आहे.
औषधात दोष नाही, गुणही नाही, तसा निष्कर्षच नाही.
खोकी सील करा, परत पाठवा. कोण कशात होतं,
यथावकाश कळवू.
मी फोनवर हे सांगितलं तेव्हा थोपट्यांनी एवढंच विचारलं,
"मी औषधात होतो की साबुदाण्यात?"
माहीत नाही.
"म्हणजे गाडी डेपोत लावली. प्रवाशांसकट."

पुढच्या पाळीच्या मंगळवारी आले. एकटेच.
मी म्हटलं, अहो, आता भेट नाही.
बसले. खुर्ची तीच, फक्त माझ्यासमोर फॉर्म नव्हता
आणि हाताला काय करावं सुचत नव्हतं.
"आज मी विचारतो," म्हणाले.
"झोप?"
तुटक.
"कुणी आपल्यावर पाळत ठेवतं, असं वाटतं का?"
मला बेंगळुरूहून येणाऱ्या मॉनिटरबाई आठवल्या,
माझी प्रत्येक खाडाखोड भिंगातून बघणाऱ्या.
हो, म्हटलं. वाटतं.
"आपल्या मनात दुसरंच कुणी विचार घालतं, असं?"
यावर मी बोलले नाही.
त्यांनी वाट पाहिली, मी त्यांची पाहायचे तशीच,
चेहऱ्यावर काही न येऊ देता.

मग खिशात हात घातला.
गठ्ठा बारीक झाला होता. वरचं सोडून खालचं एक ओढलं,
नखानं भोक पाडलं.
"पाचचं आहे. जपून ठेवा, चेकर कुठंही चढतो."

ड्रॉवरमध्ये आठ तिकिटं आहेत.
नोंदीत भेटी सात.