अर्धं पाणी

फेब्रुवारी. डुलूथमध्ये उणे एकवीस.
काठच्या बर्फावर झोपड्या मांडून माणसं मासे धरतायत
आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर
यूटाचा नकाशा पसरलाय.
चार कोपऱ्यांवर चार वजनं :
मिठाची बरणी, पाना, माझा चष्मा
आणि रेइनोचं कोपर.

रेइनो माझा भाऊ. एकतीस वर्षं
खनिजाची जहाजं नेली त्यानं या सरोवरातून.
आता गुडघा नवा, सायकलही नवी,
दोघांची ओळख अजून व्हायचीय.
मी शाळेची बस चालवते. मला वळणं कळतात.
वाळवंट दोघांनाही कळत नाही.

मोॲबच्या सायकलच्या दुकानात फोन लावला.
लव्हेल नावाची बाई. मागे कुणीतरी चाकात हवा भरत होतं.
कुठून बोलताय, म्हणाली. सांगितलं.
हसली. तुमच्याकडे पाणी दारात येऊन बसतं,
इथे पाठीवर घेऊन फिरावं लागतं.
मग ती सांगत गेली, मी वीजबिलाच्या मागे लिहीत गेले :

सराटे फार. चाकात ट्यूब नको,
आत पांढरं चिकट औषध ओता, भोक तेच बुजवतं.
सातला निघा, अकराला सावलीत असा.
काळी खडबडीत माती दिसली तर पाय टाकू नका,
ती जिवंत आहे. एका बुटाचा ठसा भरून यायला
तुमच्या नातवाचं वय लागेल.
कोरड्या ओढ्यात तंबू ठोकू नका,
पाऊस दुसऱ्याच्या डोंगरावर पडतो, पूर तुमच्याकडे येतो.
खडकाला निसरडा म्हणतात, पण तो निसरडा नाही.
नाव घोड्यांमुळे पडलं, त्यांच्या पायात लोखंड होतं.
रबर धरून राहतं.
आणि शेवटचं, खाली रेघ मारून लिहा :
अर्धं पाणी संपलं की वळायचं.
वाट कितीही छान असो.

"अर्धं संपलं हे कळायचं कसं?"
रेइनोनं मागून विचारलं. पिशवी पाठीवर,
नळी तोंडात, दिसत तर काहीच नाही.
लव्हेल जरा थांबली.
"पाठ सांगते."

तेव्हापासून रोज रात्री हा उद्योग.
तीन लिटर पाठीवर घेऊन रेइनो
तळघराच्या जिन्यावर वरखाली करतो,
चोखतो, थांबतो, म्हणतो, आता अर्धं.
मी पिशवी मासे तोलायच्या काट्याला टांगते.
पहिल्या रात्री पाव उरलं होतं.
दुसऱ्या रात्री त्याहून कमी.
पाठीला कळत नाही, की हाच ऐकत नाही, कोण जाणे.
"मेला असतास," मी म्हणते.
तो सॉनात जाऊन बसतो. हाही सराव, म्हणे.

काल मात्र नकाशावर बोट ठेवून
बराच वेळ गप्प होता.
"आउने, सरोवर कुठल्या बाजूला येईल?"
मला वाटलं गंमत करतोय.
इथे आम्ही पत्ते तसेच सांगतो,
सरोवराकडे उतरत, सरोवराकडे पाठ करून चढत.
चर्च, दवाखाना, आईची कबर, सगळं
उतार कुठे जातो त्यावरून.
मी चष्मा उचलला, नकाशाचा कोपरा गुंडाळला गेला.
निळी रेघ एकच, तीही खोल दरीत.
"येणार नाही," म्हटलं. "कुठल्याच बाजूला."
त्यानं मान हलवली,
वाऱ्याचा अंदाज ऐकून हलवायचा, तशी.

मग यादीत पेन्सिलीनं शेवटी लिहिलं : शिट्टी.
धुक्यात एक लांब शिट्टी म्हणजे, मी चालतोय, मी इथे आहे.
"तिथे धुकं नसतं, रेइनो."
"मग लांबवर ऐकू जाईल."

चाकातलं औषध गळून फरशीवर पांढरा डाग पडलाय,
मांजर त्याला वळसा घालून जातं.
निघायला नऊ आठवडे.
आत्ता तो पुन्हा जिन्यावर आहे, पायऱ्या मोजता येतात,
नव्या गुडघ्याचा आवाज वेगळा येतो.
थांबला. पिशवी तेवढी वर पाठवली, बोलला काही नाही.
मी टांगली. काटा हलला, हलला,
दीडवर आला.
मी दोनदा पाहिलं,
आणि खाली वाकून हाक मारली :
वळ.