निखार, बहुतेक

रात्रपाळी सुटली की अंगाला वाळूचा वास येतो.
तसाच गेलो कात्यायनीच्या टेकडीवर,
दस्तगीरचा जुना कॅमेरा गळ्यात,
लेन्सच्या कडेला बुरशीचा ठिपका.

शिरीषाच्या शेंड्यावर काहीतरी पेटलं.
छाती केशरी, डोकं राखाडी,
शेपटी लांब, आणि ठरणं म्हणून नाहीच.
स्वी-स्वी, एवढंच बोलतं,
तेही उडता उडता.

बोट दाबलं. फांदी आली.
बोट दाबलं. आभाळ आलं.
तिसऱ्यांदा पान, आणि पानामागं
केशरी पुसट ओघळ,
लॅडलमध्ये रस ओतताना दिसतो तसा.

दस्तगीरनं चष्मा कपाळावर सरकवून बघितलं.
"निखार हाय. छोटा निखार. नर."
"कशावरनं?"
"संगं पिवळी मादी हुती का न्हाई?"

मी आठवत बसलो.
पिवळं हललं होतं खरं खालच्या डहाळीवर,
मी पिकलं पान समजलो.
बावीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभा आहे,
लाल दिसलं की दुसरीकडं नजर जात नाही.

वहीत त्यानं लिहिलं: निखार, कात्यायनी, सव्वासात.
म्हटलं, पुढं 'बहुतेक' लिही.

रविवारी परत जाणार आहे,
पिवळीसाठी.