खाट भिंतीपासून ओढ

सेनोबियो, आधी खाट भिंतीपासून ओढ,
मग बोलू.
वीतभर नाही, चांगली हातभर.
आणि पोरांचं पांघरूण जमिनीला टेकू देऊ नकोस.

ठाऊक आहे, तिकडे मिस्केत मध्यरात्र उलटलीय.
तीच त्यांची वेळ.
इथे वालेन्सियात उजाडतंय,
मी बसस्टॉपवर, पोट सहा महिन्यांचं,
हातात एक कागद.
माझ्या रक्ताला विचारलेल्या प्रश्नाचं
त्यावर उत्तर आहे : होय.

आठवतात त्या भिंतीवरच्या रेघा?
काळ्या, ओघळलेल्या, शाई सांडल्यासारख्या.
आई दर सणाला चुना फासायची,
आठवड्यात त्या परत.
आपण म्हणायचो, भिंत रडते.
भिंत कसली रडतेय.
विंचुका हगून जायच्या.

विंचुका. आपल्या भाषेत अर्थ काय,
तर जी स्वतःला पडू देते.
छपराच्या गवतातून, वाशांच्या सांध्यातून,
टप.
एवढ्याशा आवाजाने झोप मोडत नाही.
चावलेलं दुखतही नाही. ओठाच्या कडेला, पापणीपाशी,
जिथे कातडी पातळ, तिथे
पिते, टम्म फुगते, आणि जाता जाता तिथेच घाण करते.
पुढचं काम आपलं :
झोपेत खाजवायचं,
ते आत ढकलायचं.
डॉक्टर अम्पारो हे सांगत होत्या
आणि मी माझी नखं बघत होते.

तुझा डोळा सुजला होता, सात वर्षांचा होतास,
बटाट्याएवढा.
ताता म्हणाले, वारा लागला.
आईने कोकाची पानं चावून बांधली.
सूज उतरली, विषय संपला.

ताता.
सगळं गाव म्हणायचं, सातुर्निनोचं काळीज मोठं.
उसनं दिलेलं बियाणं कधी परत मागितलं नाही.
आणि बावन्नाव्या वर्षी
पाटाचं पाणी मक्याला वळवताना,
फावडं हातात, उभ्या उभ्या,
टप.

काल पडद्यावर कुणा अनोळखी माणसाचा फोटो दाखवला त्यांनी.
बरगड्यांत मावेना असं हृदय,
जुन्या पोत्यासारखं सैल.
बाई म्हणाल्या, हे मोठं झालेलं हृदय.
मला हसू आलं.
त्यांना वाटलं, हिला स्पॅनिश कळत नाही.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणे.
आपलं घर कुठे फिरलं होतं रे?
मातीच्या विटांचं, ऊबदार,
चुलीखाली गिनीपिगांची चींचीं,
एका खाटेवर आपण चौघं.
वासेच तेवढे फिरले होते, कधीचे.

इथे ज्यांची फरशी पुसते त्या बाई
एक झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढतात.
मी चपलेने चिरडते, त्या मला शूर म्हणतात.
कागदाचं त्यांना सांगितलेलं नाही.
हा रोग कपातून पसरत नाही,
पण कप वेगळा निघेल.

बाळंतपणाआधी गोळ्या नाहीत.
नंतर साठ दिवस.
बाळाचं रक्त जन्मल्याबरोबर बघतील,
वर्षाच्या आत सापडलं तर बहुतेक बरं होतं, म्हणाल्या.
तो ‘बहुतेक’ कालपासून माझ्या दातांत अडकलाय.

तर ऐक. फवारणीवाले मोटरसायकलवरून येतील.
मागच्या वेळी गिनीपिग मरतील म्हणून तू त्यांना दारातून परत पाठवलंस.
या वेळी गिनीपिग बाहेर काढ, त्यांना आत घे.
भेगा लिंप.
आणि रक्त दे तपासायला, पोरांचंही.
डोळा तुझा सुजला होता, सेनोबियो,
माझं तर कधी काहीच सुजलं नाही.

बस आली.
तू केव्हाचा गप्प आहेस.
फोन कानाला तसाच धरून चढते,
खाट सरकल्याचा आवाज
अजून आलेला नाही.