तो

मासळीबाजाराच्या गल्लीत, घराच्या कोपऱ्यावर
दगडात कोरलेली सालं.
१७८४ माझ्या डोक्याच्या वीतभर वर.
१८४५ हनुवटीशी.
बाकीची गुडघ्याएवढी,
त्यांचे फोटो कुणी काढत नाही.

आत फ्राऊ हेल्मलिंग बटणं विकतात.
शिंपल्याची सगळ्यात वरच्या फळीवर,
खाली प्लॅस्टिकची, भिजली तरी चालणारी.

"पुन्हा कधी येते ती?" मी विचारलं.
त्यांना कळेचना.
माझ्या मोडक्या जर्मनमध्ये
नदी अजून बाईच होती.

"तो," त्या म्हणाल्या. "माइन तो आहे.
बर्फ वितळलं की येतो. बेल वाजवत नाही.
जोड्यांसकट थेट तळघरात.
आम्ही बटाटे वर नेतो, पियानो विटांवर चढवतो
आणि जिन्यात बसून कॉफी पितो.
जाताना आपला चिखलसुद्धा आवरत नाही."
मग बटणं मोजता मोजता,
"आमचे हे तसेच होते."

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा.
फाइट, चार वर्षं. फाइट, सहा. फाइट, नऊ.
त्यावर कोरं लाकूड.

मी गप्प.
त्यांनी माझा चेहरा वाचला असावा.
"दहाव्या वर्षी म्हणाला, लाज वाटते.
आता हांबुर्गला असतो,
या दारातून वाकून येतो."

सहा बटणं घेतली, कशाला ते ठाऊक नाही.
बाहेर, पुलाखालून
ती वाहत होती,
म्हणजे तो,
उशिरा घरी परतणाऱ्यासारखा, हळूच,
जोडे हातात धरून.