उशिरा येणारं हसू

वहीच्या मागच्या पानांवर मी फक्त
पहिल्यांदा पाहिलेले सिनेमे लिहिते.
दुसऱ्यांदाचे नाही. दुसऱ्यांदा मला पुढचं माहीत असतं
आणि शेजारच्याला मी सांगत सुटते.

वय सहा. साखर पेठेजवळचं थिएटर,
तेलुगू सिनेमा, रविवारचा सकाळचा खेळ.
हिरो घोड्यावरून आला आणि मागून चिल्लर उडाली.
चार आणे माझ्या फ्रॉकच्या ओच्यात पडले.
परत दिले नाहीत.

वय चौदा. पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून
चन्नवीरच्या बॅटरीमागे पळत गेले.
बाहेर मे महिना, डांबर चपलेला चिकटतंय,
पडद्यावर बर्फ.
पहिल्यांदा बघत होते ते सिनेमा की बर्फ,
अजून ठरलेलं नाही.

अम्मा कधीच आली नाही.
हजार विड्या झाल्याशिवाय उठायची नाही ती.
मी गोष्ट सांगायचे, ती पानं कातरत ऐकायची.
एकदा हिरॉईन मरते ते सांगितलंच नाही.
अम्माच्या लेखी ती अजून
कुठल्यातरी स्टेशनावर उतरून घरी चाललीय.

नान्ना यायचे. शेजारी बसायचे.
तीस वर्षं यंत्रमाग, धोट्याच्या खटखटीनं कान नेलेले.
थिएटर हसायचं,
ते माझ्याकडे बघायचे,
मग हसायचे.
तोवर सगळे गप्प झालेले.
मला लाज वाटायची. हेही लिहिलंय,
पेन्सिलीनं.

गेल्या वर्षी, मॉलमध्ये, एकटी.
कुठल्याशा थंड देशातली बाई
दोन तास पाव मळत होती, बाकी काही नाही.
मध्यंतर कधी होतंय असं झालं होतं,
आणि झालं तेव्हा राग आला.

आणि परवा.
दुपारी लाईट गेलेली, शेंगा सोलायला घेतलेल्या,
फोन पितळी तांब्याला टेकवून ठेवला.
शंभर वर्षांपूर्वीचा मुका सिनेमा.
एक लठ्ठ माणूस शिडी खांद्यावर घेऊन वळतो,
मागच्याची टोपी उडते, तो परत वळतो
आणि नान्ना हसले.
टरफलं मांडीवरून खाली सांडेपर्यंत.

मी त्यांच्याकडे बघितलं,
मग हसले.

तारीख लिहून ठेवलीय.
नाव सुरुवातीलाच निघून गेलं होतं,
तेवढी ओळ मोकळी आहे.