सारखंच की

साखर पेठेत, जिथे आमचा तिसरा माग होता
(त्याच्या चार बोल्टांची भोकं अजून फरशीत आहेत)
तिथे मी एक वर्तुळ बांधलंय,
मधोमध आडवं चिरलेलं.
वरच्या अर्ध्यात लाल आणि हिरवा उजेड मिसळतो,
खालच्यात नुसता पिवळा.
बटण फिरवायचं, दोन्ही अर्धी एक दिसेपर्यंत.

बिराजदार डॉक्टरीणबाईंना उजेड असा हवा होता
की मे महिन्यातल्या दुपारीही फिका पडू नये.
पहिल्या खेपेला एलईडीचे ठिपके ठिपकेच दिसले.
दुसऱ्या खेपेला पिवळ्यानं प्लास्टिक वितळवलं.
शेवटी शेंगतेलाचा डबा कापला, आतून सफेदा फासला,
वर दुधी काच.
तेव्हा कुठे उजेड सपाट झाला,
ताणून बसवलेल्या ताण्यासारखा.

पहिले बसले नायना.
चाळीस वर्षं चादरी विणलेला माणूस.
चष्मा शर्टाला पुसला, बटण धरलं दोन बोटांत,
तुटलेला धागा धरावा तसं.
"झालं," म्हणाले.
वरचं अर्धं लालभडक होतं.
मी बटण पार दुसऱ्या टोकाला नेलं. ऐन पोपटी.
"हेपण झालं. सारखंच की."

घरच्या तेलुगूत पिवळाही पच्चा, हिरवाही पच्चा;
हळदीचा की पानाचा, एवढं पुढे जोडायचं.
ते जोडणं नायना आईवर सोडायचे
आणि मला वाटायचं, कमी बोलतात.

मग लडी आठवल्या.
रंगवून आल्या की आई प्रत्येकीला गाठ मारायची,
लालला एक, हिरव्याला दोन.
विचारलं तर म्हणायची, हिशेबाला.

"कधीपासून?"
नायना पंख्याकडे बघत राहिले.
"लग्नाच्या चौथ्या दिवशी तिला कळलं.
अख्खा मोर लाल विणला होता मी.
शेठ तोंड उघडायच्या आत म्हणाली, नवं डिझाइन आहे.
सहा डझन खपल्या."

तक्त्यात शेऱ्यासाठी बोटभर जागा असते.
मी आकडे भरले. ती कोरी ठेवली.

नायना अजून वर्तुळापुढेच.
"उजेड मात्र झकास बांधलास,
सलग. कुठे गाठ नाही."
मग उठून त्यांनी स्वतःच बटण बंद केलं.
बिल येतं.